समान संधी केंद्राचं काम नव्याने हाती घेताना

कॉलेजातलं समान संधी केंद्र, म्हणजे कुणाशी भेदभाव होऊ नये आणि मागे पडणाऱ्या मुलांना आधार मिळावा यासाठीचा कक्ष, आता तू सांभाळणार आहेस. पहिला महिना कार्यक्रम ठेवू नकोस, फक्त मुलांशी बोल. आपल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी सोलापूरच्या पूर्व भागातली मुलं असतात, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, उर्दू माध्यमातून आलेली, तांड्यावरची. मराठी कच्चं म्हणून ती गप्प बसतात आणि आपण त्यांना 'कच्ची' ठरवतो. मीही सुरुवातीला एका मुलीबाबत हेच केलं. तिला प्रश्न आधी लिहून दिला, तेव्हा तिनं वर्गातलं सगळ्यात नेमकं उत्तर दिलं. ते मला अजून बोचतं.

खरी गळती कागदांपाशी होते. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरला म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. पण खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे येत नाहीत, आणि कॉलेजने तपासून पुढे पाठवला नाही तर अर्ज कॉलेजच्या लॉगिनलाच अडकून राहतो. दर आठवड्याला क्लार्कसोबत बसून यादी बघ. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे. आईचं विडी कार्ड (विडी कामगाराचं ओळखपत्र) आहे का, हे एकटं गाठून विचार. वर्गात जातीची नावं वाचून कुणाला उभं करायचं नाही, कधीच नाही.

स्नेहसंमेलनात बंजारा नाच ठेवतात, ठेवू देत. पण गटप्रकल्पाच्या जोड्या तू स्वतः लाव, नाहीतर मुलं आपापल्या गल्लीतच बसतात.

भेदभावाची तक्रार आली तर तोंडी मिटवू नकोस. लेखी घे, तारीख टाक, पोच दे. २०१२च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांपासून तक्रार करणं हा मुलांचा हक्कच धरला गेलाय. कुणी 'कशाला वाढवता मॅडम' म्हणेल. म्हणू दे.