नगरपालिकेची पायरी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकानंतर पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून ढीगभर प्रश्न आले, सगळे घेणं शक्य नाही, सहा घेतलेत. गावांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत. दोघांनी तर खाली स्पष्टच लिहिलंय, "काका नाव टाकू नका, नळ तोडतील." मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या कर विभागात काढलीत, ही भीती काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेली आहे, त्यामुळे हसलो नाही.

प्रश्न : काका नमस्कार. आमचं घर जुनं, विटांचं, वर पत्रे. आत्ता घरी नोटीस आली त्यात आरसीसी लिहिलंय आणि क्षेत्रफळ ६१० चौरस फुटांचं ९४० केलंय. मोजायला दोन पोरं आली होती टॅब घेऊन, पाच मिनिटांत गेली. आधी घरपट्टी १,८४० होती आता हिशोबानं ५,२०० च्या आसपास जातेय. मिस्टर म्हणतात भरायचीच नाही. काय करू? – एक ताई, मराठवाडा

ताई, पहिली गोष्ट, मिस्टरांना सांगा तुमच्या हातात आहे ते बिल नाहीये, नोटीस आहे. दर चार वर्षांनी आकारणी नव्यानं होते (म्हणजे व्हायला पाहिजे, काही ठिकाणी दहा-दहा वर्षं होत नाही आणि मग एकदम झाली की असा दणका बसतो). आधी कच्ची यादी लागते, घरोघर नोटिसा जातात, हरकतीला तीस दिवस मिळतात, सुनावणी होते, आणि मग यादी पक्की होते. बिल त्याच्यानंतर. म्हणजे तुमचा सगळा खेळ या तीस दिवसांतला आहे आणि लोक नेमके हेच दिवस नगरसेवकाच्या घरी चकरा मारण्यात घालवतात. नगरसेवक म्हणतो मी बघतो. तो बघतोही, पण यादीत आकडा तसाच राहतो, कारण हरकतीच्या रजिस्टरला तुमचं नावच नसतं.

नोटीस नीट समोर घेऊन बसा. त्यात मालमत्ता क्रमांक, झोन, बांधकामाचा प्रकार, वापर, क्षेत्रफळ, वार्षिक भाडेमूल्य, करयोग्य मूल्य असे रकाने असतील. भाडेमूल्य म्हणजे तुमचं घर वर्षभर भाड्यानं दिलं असतं तर किती आलं असतं याचा त्यांचा अंदाज, मग तुम्ही स्वतः राहत असलात तरी. त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा करतात आणि उरतं ते करयोग्य मूल्य, समजा भाडेमूल्य १८,००० धरलं असेल तर १६,२००. त्याच्यावर टक्केवारीनं कर. म्हणजे क्षेत्रफळ आणि प्रकार हे दोन रकाने चुकले की खालचं सगळं आपोआप चुकत जातं, आणि तुमचे नेमके तेच दोन चुकलेत.

आता ६१० चे ९४० कसे झाले ते मी न बघता सांगतो, अंगणातला पत्र्याचा मांडव धरला असेल नाहीतर जिन्याखालची जागा, नाहीतर मागची पडवी. घरी टेप असेल तर दोघांनी मिळून मोजा, वहीच्या पानावर साधा नकाशा काढा, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी लिहा. छताचा फोटो आतून एक बाहेरून एक. जुनं बिल, प्रॉपर्टी कार्ड किंवा खरेदीखताची झेरॉक्स. अर्जात एवढंच लिहायचं की अमुक रकान्यात अमुक चुकलंय, फेरमोजणी करून मिळावी. गटारं तुंबलीत, रस्त्यावर दिवा नाही, मग कर कशाचा घेता, हे सगळं खरं असलं तरी त्या अर्जात नको, कारण सुनावणीला बसलेला अधिकारी क्षेत्रफळ, प्रकार आणि वापर एवढंच बदलू शकतो, बाकी वाचून तो नुसता पान उलटतो. मी अशा सुनावण्यांना फायली धरून उभा राहिलोय. चार पानी अर्जवाले चिडून बाहेर यायचे आणि एक म्हातारी फक्त टेप घेऊन आलेली, तिचे दोनशे फूट तिथल्या तिथे कमी झाले.

आणखी एक, बिल येईल तेव्हा त्यात रोजगार हमी कराची ओळ आहे का ते बघा. तो कर बिगरनिवासी जागेवर लागतो. घराच्या बिलात तो दिसला म्हणजे समजायचं की पुढच्या खोलीतली शिलाई मशीन बघून पोरांनी तुमचं घर दुकान केलंय.

"भरायचीच नाही" हे मात्र मिस्टरांनी डोक्यातून काढावं. थकलेल्या बिलावर महिन्याला दोन टक्के शास्ती (दंड) लागते, ५,२०० वर महिन्याला १०४ रुपये, वर्षाचे बाराशेच्या वर, आणि ती माफ करून घ्यायला लोक वर्षानुवर्षं अभय योजनेची वाट बघत बसतात. हरकतीचा निकाल मनासारखा नाही लागला तर पुढे अपील आहे, पण तिथे आधी पैसे भरा मग बोला असा प्रकार असतो.

प्रश्न : नगरपालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत यात फरक काय? आमच्या गावाच्या कमानीवर एक लिहिलंय आणि पावतीवर दुसरं. – कॉलेज विद्यार्थी

नगरपालिका आणि नगरपरिषद एकच. कायद्यात (१९६५ चा) नगरपरिषद आहे, तोंडात नगरपालिका आहे, कमान रंगवणारा तोंडातलं लिहितो. लोकसंख्या एक लाखाच्या वर असली की अ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ब वर्ग, पंचवीस ते चाळीस हजार क वर्ग. नगरपंचायत म्हणजे गावपण सुटत चाललेलं पण अजून शहर न झालेलं, साधारण दहा ते पंचवीस हजार. तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्याच ग्रामपंचायती २०१४ नंतर नगरपंचायती झाल्या. वरच्या बाजूला, पनवेलची नगरपालिका १८५२ ची, ती २०१६ ला महापालिका झाली, इचलकरंजी २०२२ ला. महापालिका झाली की पाटी बदलते, पाणी लगेच बदलत नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीत चार दिवसांनी पाणी, ते पण पाऊण तास. आम्ही शेवटच्या टोकाला. पुढचे सगळे नळाला डायरेक्ट मोटर लावतात, आमच्याकडे नुसती हवा येते सूं सूं करत. तक्रार केली तर भांडणं होतील. आम्ही पण मोटर घ्यावी का? – पश्चिम महाराष्ट्र

दादा, घेऊ नका असं म्हणणं सोपं आहे, तुमच्या जागी असतो तर मीही दुकानात जाऊन टुल्लूचा भाव विचारला असता. पण होतं काय ते सांगतो. सगळ्यांनी मोटर लावली की लाईनमध्ये पाणी कमी आणि ओढ जास्त, मग पाईपला जिथे जिथे जुना लिकेज आहे तिथून बाहेरचं आत ओढलं जातं, आणि गल्लीत आपली पाईपलाईन कुठून जाते तर गटाराच्या कडेनं नाहीतर गटारातूनच. सुरुवातीचं पाणी पिवळं येतं, वास येतो, त्याचं एक मोठं कारण हे. म्हणजे मोटरवाल्याला जास्त पाणी मिळतं, पण त्यात गटारही मिळतं. भांडण टाळायचं असेल तर गल्लीत हे सांगा, कायद्यापेक्षा लवकर पटतं.

आता हिशोब. भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी रोज ७० लिटर हे सरकारी माप आहे (गटार योजना असेल तर १३५). तुमच्या घरात पाच माणसं धरली तर चार दिवसांचे १,४०० लिटर झाले. पुढच्या पाळीला बादली घेऊन बसा, वीस लिटरची बादली किती मिनिटात भरते ते घड्याळ लावून लिहा, तीन पाळ्या लिहा. मग टोकाच्या आठ-दहा घरांनी मिळून एकच अर्ज, पाणीपुरवठा अभियंत्याच्या नावानं, खाली हा तक्ता. "पाणी येत नाही" या अर्जावर "पाहणी केली, पाणी सुरळीत" असा शेरा मारायला काही लागत नाही, पण "१४ तारखेला पाऊण तासात १८० लिटर" यावर तसा शेरा मारायला हात अडखळतो. मागणी दोनच ठेवा, टोकासाठी वेगळा व्हॉल्व्ह किंवा वेगळी वेळ, आणि पाळीच्या वेळेत त्या भागाची लाईट बंद. दुसरी गोष्ट ऐकून हसू येईल पण काही गावांत नगरपालिका महावितरणला पत्र देऊन खरंच हे करते, पाणी यायच्या वेळेला लाईट घालवली की सगळ्या मोटरी एका झटक्यात गप्प, कुणाचं नाव घ्यायची गरज नाही.

आणि व्हॉल्व्हमनशी ओळख ठेवा. गावात सीओ (मुख्याधिकारी) किती आले किती गेले, व्हॉल्व्हमन तोच असतो, कुठली चावी किती आटे फिरवायची ते त्याच्या मनगटात असतं, नकाशात नसतं.

प्रश्न : मी मस्कतला असतो. मुलगी जिल्ह्याच्या दवाखान्यात झाली, आता दीड वर्षाची आहे, दाखल्यावर नावाची जागा रिकामीच आहे. आमच्या नगरपालिकेत वडिलांना पाठवलं तर म्हणाले इथे होणार नाही. टाळतायत का?

नाही टाळत. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आईवडील कुठे राहतात त्याच्याशी संबंध नाही, त्यामुळे वडिलांना जिल्ह्याच्या ठिकाणच्या जन्म-मृत्यू विभागातच जावं लागेल. नोंद आधीच झालेली आहे, फक्त नाव घालायचंय, त्याला नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत मुभा असते, एक वर्ष उलटल्यामुळे थोडी लेट फी पडेल. पण पंधरा वर्षं आहेत म्हणून बसून राहू नका, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेला हाच दाखला लागतो. नावाचं स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. फोनवर सांगू नका. फोनवर सांगितलेल्या स्पेलिंगची दुरुस्ती हा एक वेगळा लेख होईल.

प्रश्न : आमच्या वॉर्डातला रस्ता. नगरसेवक म्हणतो ठराव झालाय, सीओ म्हणतात निधी नाही, नगराध्यक्ष म्हणतात टेंडर निघेल. खरं कोण बोलतंय? आणि ती मीटिंग असते तिथे आपल्याला बसता येतं का? – चार-पाच जणांचा मिळून प्रश्न

तिघंही खरं बोलत असतील, हीच तर गंमत आहे. सभेत ठराव झाला म्हणजे रस्ता झाला असं नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, मग कार्यादेश (वर्क ऑर्डर), एवढ्या पायऱ्या आहेत, आणि ठेकेदार जेसीबी आणतो तो कार्यादेशानंतर. त्यामुळे "ठराव झालाय का" हा प्रश्न विचारणं सोडा, "वर्क ऑर्डर कुठल्या तारखेची" असं विचारा, समोरचा लगेच सावरून बसतो. निधीचं म्हणाल तर नगरपालिकांची जकात १९९९ ला गेली, तेव्हापासून पगारालासुद्धा सरकारच्या अनुदानाकडे बघावं लागतं, घरपट्टी-पाणीपट्टीत रस्ते होत नाहीत, ते वरून येणाऱ्या योजनेतूनच होतात. नगराध्यक्ष आता थेट लोकांतून निवडून येतो, त्यामुळे अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असंही होतं, तिथे रस्ता आणखी लांबतो. त्यात मधली काही वर्षं बऱ्याच ठिकाणी प्रशासकच होता, डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, म्हणजे अनेक नगरसेवकांना स्वतःलाच अजून फाईल कुठल्या टेबलावर आहे ते शोधावं लागतंय.

सभेला बसता येतं. सभा लोकांसाठी खुली असते, एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा असं पीठासीन अधिकाऱ्यानं ठरवलं तर गोष्ट वेगळी. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हायला पाहिजे, तिची नोटीस सात दिवस आधी निघते, बोर्डावर लागते. बोलता येत नाही, मागच्या खुर्चीवर गप्प बसायचं. विषयपत्रिकेची प्रत आधी मिळवून ठेवा नाहीतर काही कळणार नाही, कारण कार्यालयीन अधीक्षक विषय वाचतात तो आवाज पंख्यात जातो, कुणीतरी "मंजूर" म्हणतं, सूचक अनुमोदकाची नावं नंतर वहीत भरली जातात, आणि चाळीस विषय चहा यायच्या आत संपतात. खरा आवाज चढतो तो शेवटी, आयत्या वेळच्या विषयांना. तिथे कान उघडे ठेवा, कारण बाजारातला मोक्याचा गाळा कुणाला द्यायचा असले विषय चहानंतरच निघतात. तुमच्या रस्त्याचा ठराव क्रमांक आणि तारीख उतरवून आणा. ठरावच बेकायदा वाटला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, कलम ३०८ खाली ते तो स्थगित करू शकतात.

प्रश्न : अर्ज दिला, पोच मागितली तर क्लार्क म्हणाला, "ठेवा तिथे, शिक्का मारणारा रजेवर आहे." – बरेच जण

दोन प्रती न्या, आवक विभागातच द्या, साहेबांच्या टेबलावर नको. तरी नाही म्हणाले तर समोरच्या पोस्टातून स्पीड पोस्ट करा (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं), नाहीतर तुमचं काम सरकारच्या सेवा यादीतलं असेल तर अर्ज आपले सरकार पोर्टलवरून टाका, तिथे नंबर आपोआप पडतो आणि दिवस मोजायला सुरुवात होते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड आहे, त्या कायद्याचं नुसतं नाव काढलं तरी टेबलावर हालचाल होते.

बाकी शिक्क्याचं म्हणाल तर हे उत्तर मीही लोकांना दिलंय, एकदा नाही, शेकडो वेळा. शिक्का माझ्या डाव्या ड्रॉवरमध्ये असायचा, स्टँप पॅडसकट.