डबे भरलेले, तरी महिनाअखेर हात रिकामा

पत्र:

"ताई, आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, कॉलेजात जाणारा मुलगा आणि आठवीतली मुलगी. दिवाळीपासून यांचा ओव्हरटाइम बंद झालाय आणि हातात येणारा पगार बराच कमी झालाय. खाण्यापिण्यावर महिन्याला 19,000 रुपये जातात. त्यातले 5,000 भाजी-फळांचे आणि 4,500 मुलाने फोनवरून मागवलेल्या वस्तूंचे. म्हणून मी ठरवलं की महिनाभर नवीन काही आणायचं नाही, घरात आहे तेच संपवायचं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या दुखावल्या. 'माझ्या घरात डबा कधी रिकामा पडला नाही' म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता गव्हाचा सीझन तोंडावर आलाय. त्या नेहमीसारखे बारा महिन्यांचे गहू, तांदूळ, डाळी भरणार. ओव्हरटाइम बंद झाल्याचं आईला कळू द्यायचं नाही, असं यांनी मला बजावलंय. कोठीत काय काय पडलंय त्याची यादी सोबत पाठवते. यातून काय करू आणि सासूबाईंना कसं समजावू?"

उत्तर:

तुझी यादी मी दोनदा वाचली. रव्याची तीन उघडी पाकिटं, बाजरीचं पीठ, दाण्याचं कूट, दिवाळीचे उरलेले पातळ पोहे, दीड किलो मसूर, मूग, वाटाणे, वाल, कुळीथ, थोडी थोडी उरलेली सहा प्रकारची डाळ, साबुदाणा, फ्रीझरमध्ये तुरीचे दाणे. यात पाच माणसांचे कितीतरी दिवसांचे नाश्ते आणि भाज्या-आमट्या आहेत. कशाचं काय करायचं ते पुढे सांगते. पण सासूबाईंना खरं कारण कळल्याशिवाय यातलं काहीच तडीला जाणार नाही, म्हणून आधी त्याबद्दल.

त्यांच्या जागी बसून बघ. पगार कमी झाल्याची त्यांना गंधवार्ता नाही. एके दिवशी सून येऊन सांगते की महिनाभर काही आणायचं नाही, डबे रिकामे करायचे. त्यांना वाटणार की इतकी वर्षं मी घर चालवलं त्यात हिला खोट दिसतेय. बडोद्यातल्या आपल्या घरांत वर्षाचं धान्य भरणं हा मोठा सोहळा असतो. हाथीखान्याच्या धान्यबाजारात जाऊन गव्हाचे नमुने तळहातावर घेऊन बघायचे, भाव करायचा, गहू घरी आले की ऊन दाखवायचं, निवडायचे, दिवेल (एरंडेल) चोळून पिंपात भरायचे. रेशनच्या रांगा पाहिलेल्या बायकांना भरलेल्या पिंपाकडे बघून रात्री झोप लागते. तू डब्याबद्दल बोललीस आणि त्यांनी ते स्वतःबद्दल ऐकलं. यात तुझी चूक नाही, कारण खरं कारण सांगायचं तुझं तोंडच बंद केलंय.

म्हणून पहिलं काम तुझ्या नवऱ्याचं आहे. आईला काळजी नको हा त्यांचा हेतू मी समजू शकते. पण त्यापायी सासू-सुनेत अबोला येत असेल तर ते लपवणं कुणाच्याच भल्याचं नाही. हे त्यांनीच सांगायला हवं, तू नाही. मुलांसमोर नको, सकाळच्या चहाला आई निवांत असताना सांगू देत. नोकरी आहे, पगार येतोय, फक्त ओव्हरटाइम गेलाय, हे आधी स्पष्ट सांगावं, म्हणजे त्यांच्या पोटात गोळा येणार नाही. आणि पुढे विचारावं, "आई, तंगीत तू घर कसं चालवायचीस? आता कसं करूया?" हा प्रश्न मनापासून विचारायला हवा, कारण याची उत्तरं तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त असणार आहेत.

आता पैशांचं. तू दिलेल्या आकड्यांची बेरीज तू केलेली दिसत नाही. भाजी-फळांचे 5,000 आणि फोनवरचे 4,500 मिळून 9,500 होतात, म्हणजे तुमच्या खर्चाचा बरोबर अर्धा भाग. हा खर्च सासूबाईंच्या कोठीमुळे होत नाही. उद्या सगळे डबे घासूनपुसून पालथे घातलेस तरी हा अर्धा खर्च जिथल्या तिथे राहील. तू भांडण मात्र उरलेल्या अर्ध्यावरून ओढवून घेतलंस, आणि तेही घरातल्या सगळ्यांत जपून वापरणाऱ्या माणसाशी.

कोठीचा खरा उपयोग इथेच आहे. तिच्यातल्या जिन्नसांनी हे 9,500 खाली आणायचे. घरातली उसळ झाली तर त्या दिवशीची भाजी वाचते. संध्याकाळच्या भुकेला डब्यात काही तयार असेल तर मुलाचा हात फोनकडे कमी जातो. महिनाभर काहीच आणायचं नाही हा हट्ट सोड. दूध, तेल, थोडी ताजी भाजी आणायचीच. फक्त "आज काय करू?" असं मनात आलं की पिशवी उचलायच्या आधी कोठीचं दार उघडायचं.

आधी काय संपवायचं ते जिन्नस किती टिकतो यावर ठरव. बाजरीचं पीठ फार लवकर कडू होतं, ते याच आठवड्यात संपव. चिमूटभर जिभेवर ठेवून बघ. कडवट लागलं तर वाया गेलं असं समज, चांगलं असेल तर मेथी घालून वडे किंवा भाकरी कर. दाण्याचं कूट तेलकट असल्यामुळे खवट होतं, त्याचा दुसरा नंबर. मग रवा. तिन्ही पाकिटं चाळून, मंद आचेवर कोरडा भाजून एकाच डब्यात भर. भाजलेल्या रव्याला कीड लवकर लागत नाही आणि सकाळी उपमा पटकन होतो. पातळ पोहे कढईत कुरकुरीत भाजून, उरलेलं कूट आणि कढीपत्ता घालून चिवडा कर आणि मुलाला दिसेल अशा डब्यात ठेव.

कडधान्यांना घाई नाही, पण जुनी झाली की ती शिजायला वेळ घेतात आणि मग "गॅस जातो" म्हणून मागे मागे सरकतात. आठ-दहा तास भिजव. वाटाणे फारच दडस असतील तर भिजवताना चिमूटभर सोडा टाक. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणा मऊ झाल्यावरच घाल, आधी घातलेल्या आंबटाने कडधान्य लवकर शिजत नाही. वाटाणे घरात आहेत म्हणजे सेव-उसळ घरी होऊ शकते. वर तर्री आणि कांद्याची पात घातली तर तुझी मुलंही नाक मुरडणार नाहीत, बडोद्याचीच आहेत ती! जुन्या मुगांना कधी कधी मोड येत नाहीत. तसं झालं तर ते आलं-मिरचीबरोबर वाटून धिरडी घाल. मसूर तर भिजवायलाही फार लागत नाहीत, ज्या दिवशी भाजी नाही त्या दिवसासाठी ते राखून ठेव.

सहा डाळी उरल्यात म्हणालीस. ते काम सासूबाईंचं. थोडे तांदूळ, गहू, असेल तर ज्वारी, धने-जिरे घेऊन थालीपिठाची भाजणी त्यांना त्यांच्या हिशोबाने करू दे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा असतो, आणि डाळ नुसती तांबूस झाली की जळायच्या आत उतरवायचा तो क्षण त्यांच्या नाकाला बरोबर कळतो. तू शेजारी उभी राहून शीक. ही भाजणी पुढे कितीतरी दिवस नाश्त्याची चिंता मिटवेल, आणि तुमच्यातला अबोला चुलीजवळ जितका सहज सुटेल तितका समोरासमोर बसून सुटणार नाही.

शिळ्या अन्नाचं. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा आपण करतोच, पण बडोद्यात आपल्या शेजारणींनी आणखी दोन सुंदर गोष्टी आपल्याला दिल्यात. एक खाखरा. शिळी पोळी मंद तव्यावर टाकायची, फडक्याच्या बोळ्याने दाबत, फिरवत राहायचं. आधी ती मऊ पडते, मग कडा उचलतात, मग दाबताना कुर्रकन आवाज येऊ लागतो. तेव्हा उतरवायची. वरून थोडं तूप आणि मेतकूट किंवा जिराळू (जिऱ्याचा गुजराती मसाला). दुसरी म्हणजे ताकातली पोळी. राई, जिरं, लसूण, हळदीची फोडणी करायची, त्यात आंबट ताक घालून ढवळत राहायचं म्हणजे फाटत नाही, उकळी आली की पोळीचे तुकडे टाकायचे. आंबट झालेलं दही आणि शिळी पोळी दोन्ही एकदम सत्कारणी लागतात. भात उरला तर त्यात कणीक, बेसन आणि किसलेला दुधी घालून मुठिया (मुठीने वळलेले मुटके) वाफव.

भाताबद्दल मात्र काटेकोर राहा. आपल्याकडे चैत्रापासून जो उकाडा सुरू होतो त्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वापरू नकोस. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करून जात नाही. तसंच कीड आणि बुरशी यांत फरक कर. डाळीत सोंडे दिसले तर ऊन दाखवून, चाळून, निवडून ती वापरता येते. हिरवट-काळी बुरशी आलेले शेंगदाणे किंवा कुबट वासाची डाळ मात्र सरळ टाकायची, कितीही जीव तुटला तरी. पाकिटावर 'बेस्ट बिफोर' लिहिलं असेल तर त्या तारखेनंतर चव-वास कमी झालेला असू शकतो, पदार्थ बघून ठरव. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' असेल तर तारीख पाळायची.

भाजीचे 5,000. यादीसोबत तू लिहिलंस की दर रविवारी खंडेराव मार्केटमधून तुझे यजमान पिशव्या भरून आणतात आणि गुरुवारपर्यंत मेथी पिवळी पडते. त्यांचं जाणं बंद करू नकोस, माणसाला आवड आहे. पण जाण्याआधी फ्रीजचा खालचा कप्पा त्यांनीच रिकामा करून पुसावा. जे तिथे दिसेल ते पुन्हा आणलं जाणार नाही. पालेभाजी दोन जुड्या, त्या मंगळवारच्या आत शिजायच्या. मग फ्लॉवर, गवार. दुधी, कोबी, लाल भोपळा आठवड्याच्या शेवटी. आणि शनिवारी भाजी आणायचीच नाही, त्या दिवशी वाल, कुळथाचं पिठलं किंवा तुझे फ्रीझरमधले तुरीचे दाणे. दोडक्याच्या शिरा, कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला यांच्या चटण्या सासूबाई करतच असतील, त्या पानात पुन्हा दिसू देत.

मुलाला रागावू नकोस. तो आता मोठा आहे, वडिलांच्या ओव्हरटाइमचं त्यालाही सांगा. महिन्याचे 1,500 त्याच्या हाती दे आणि त्यात काय मागवायचं ते त्याचं त्याने ठरवू दे. एवढ्यानेच 3,000 वाचतात.

राहिला गव्हाचा सीझन. यंदा भरूच नका, असं मी म्हणणार नाही. सुगीत एकदम घेतलेला गहू सहसा स्वस्त पडतो आणि दिवेल लावून नीट ठेवला तर वर्षभर टिकतो, यात सासूबाईंचा हिशोब बरोबर आहे. पण भरण्याआधी पिंपात मागचे किती उरलेत ते दोघी मिळून मोजा, महिन्याला किती दळण लागतं ते धरा, आणि वर्षाच्या गरजेतून शिल्लक वजा करून तेवढेच घ्या. आता दोन्ही मुलं डबा नेतात की कँटीनमध्ये खातात, तुम्ही किती पोळ्या खाता, हे दहा वर्षांपूर्वीसारखं राहिलेलं नाही, त्यामुळे आकडा नक्की खाली येईल. तांदूळ सहा महिन्यांचे पुरेत. डाळी मात्र दोन-तीन महिन्यांच्याच घ्या, कारण त्या सारख्या उघडल्या जातात, कीड त्यांनाच आधी लागते, आणि तुझ्या यादीत सगळ्यांत जास्त उरलेलं डाळी-कडधान्यांचंच आहे. एकदम मोठी रक्कम काढणं जड जात असेल तर गहूही दोन खेपांत घ्या.

एवढं सांगूनही सासूबाईंनी जास्त भरायचा आग्रह धरला तर यंदा एक पोतं जास्त येऊ दे. 9,500 मधले निम्मे वाचवलेस तर त्या पोत्याने काही बिघडणार नाही. पुढच्या महिन्यात मला लिही. नवऱ्याने आईला सांगितलं का ते आधी लिही, आकडे त्यानंतर. आणि सासूबाईंच्या भाजणीचं प्रमाण त्यांना विचारून पाठवलंस तर मला हवंच आहे.

— तुझी ताई