एम.ए. सायकॉलॉजी झालंय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं लायसन्स कसं मिळतं आणि ते टिकवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत मराठी माध्यमातून एम.ए. केलं, आता स्वतःचं सेंटर काढायचंय आणि बोर्डावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लावलं तर चालेल का. नाही चालणार. मी हे काम चौदा वर्षं करतेय आणि हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे ज्याला लोक लायसन्स म्हणतात ती खरं तर नोंदणी असते. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ही नोंदणी करते. तिच्या केंद्रीय नोंदवहीत, सीआरआरमध्ये, नाव असल्याशिवाय हे काम करता येत नाही. केलं तर एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (हजार रुपये! आमच्या बॅचमधला एक जण म्हणायचा, एवढी तर मुंबईत एका सेशनची फी असते. पण कैदेचं विसरू नका.)

नुसत्या एम.ए.वर ही नोंदणी होत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येतही एम.ए.नंतर पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल. आणि त्यात देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण सांगितलंय. मात्र आता यात गोची झालीय. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल. बंद केलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली. त्यामुळे कुठल्याही अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी तो कोर्स, ती संस्था आणि ते वर्ष, तिन्ही आरसीआयच्या मान्यताप्राप्त यादीत आहेत का ते स्वतः उघडून बघा. 'मान्यता प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

या कोर्सच्या प्रवेश परीक्षेला सायकोपॅथॉलॉजी (मानसिक विकारांचा अभ्यास), संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती पक्की करा. मराठी माध्यमाची धास्ती घेऊ नका. इंग्रजी संज्ञा दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतात. उलट पुढे मराठीच कामाला येते.

एक प्रसंग सांगते. एम.फिल.च्या पहिल्या वर्षी वॉर्डात पन्नाशीच्या एक बाई होत्या. अमूर्त विचार तपासायला आम्ही म्हणींचा अर्थ विचारतो. मी विचारलं, 'नाचता येईना अंगण वाकडं, म्हणजे काय हो मावशी?' त्या म्हणाल्या, 'मग अंगण सारवून घ्यावं.' मी फाइलमध्ये लिहून टाकलं: विचार मूर्त पातळीवर, म्हणजे शब्दशः अर्थाच्या पलीकडे जात नाहीत. सुपरव्हायझर सरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, 'हे बोलताना त्या हसत होत्या का?' मला आठवेना. सरांनी मला पुन्हा वॉर्डात पाठवलं. मी दुसरी म्हण घातली, 'आणि दुरून डोंगर साजरे?' बाई म्हणाल्या, 'तू लग्न केलंस की कळंल.' बाई माझी चेष्टा करत होत्या. मी ते वाक्य खोडून नव्याने लिहिलं.

दोन वर्षं मिळतं ते हे, तुमचं लिहिलेलं कुणीतरी खोडायला लावणं. पहिल्या वर्षी पाच सविस्तर निदान-अहवाल, दुसऱ्या वर्षी पाच उपचारांच्या केसेस, वर लेखी, प्रबंध आणि व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. व्हायव्हात मला कामत-बिने चाचणीवर धरलं होतं. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, आजही मुलांच्या बुद्ध्यंकासाठी आपण ती वापरतो, पण निकष इतके जुने असताना त्या आकड्यावर किती विसंबायचं? याचं उत्तर पाठांतराने देता येत नाही.

आता टिकवण्याचं. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणासाठी त्या काळात सीआरईचे शंभर पॉइंट लागतात. सीआरई म्हणजे आरसीआयने मान्य केलेल्या कार्यशाळा, परिषदा. वर्षाला वीस हा हिशेब ऐकायला सोपा वाटतो, आणि तिथेच मी फसले. पहिली तीन वर्षं ओपीडीच्या नादात काही केलं नाही. चौथ्या वर्षी एका आयोजकाची छान चकचकीत कार्यशाळा केली, सुट्टी टाकून, प्रवासखर्च करून. सर्टिफिकेटवर आरसीआयची मंजुरी होती कुठे? पॉइंट शून्य. पाचव्या वर्षी मग तीन-तीन दिवसांच्या कार्यशाळा शोधत फिरले, एकीचे अठरा पॉइंट. रविवार गेले ते गेले. तेव्हा नाव नोंदवण्याआधी मंजुरीचं पत्र मागा, ते मागण्यात अपमान कुणाचाच होत नाही. आणि प्रत्येक सर्टिफिकेट मिळालं त्याच दिवशी स्कॅन करा.

नोंदणी होईपर्यंत समुपदेशन करायचंच नाही का? तसं नाही. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात सायकॉलॉजिस्ट हा वेगळा व्यवसाय म्हणून घेतलाय, आरसीआयखालचे क्लिनिकल वगळून. त्याच्या राज्य परिषदेच्या नोंदणीवर लक्ष ठेवा. शाळेत, संस्थेत, एखाद्या अनुभवी माणसाच्या हाताखाली काम सुरू करा. बुद्ध्यंकाचे आणि निदानाचे रिपोर्ट मात्र स्वतःच्या सहीने देऊ नका. तिथे सहीखाली सीआरआर नंबर लागतो आणि तो कागद कधी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जातो, कधी कोर्टात.

बोर्ड रंगवायला टाकला असेल तर पेंटरला आजच फोन करून 'क्लिनिकल' शब्द काढायला सांगा.