रॉकमधली ‘परकी’ मेजर कॉर्ड

प्रश्न : एफ मेजर पट्टीत एफ, बी फ्लॅट (बीपेक्षा अर्धा सूर खाली) आणि सी या तीनच मेजर कॉर्ड (मूळ स्वर, त्याचा शुद्ध ग आणि प एकत्र) बसतात, असं शिकलो. मग बीटल्सच्या ‘हे ज्यूड’च्या (१९६८) शेवटच्या ‘ना ना ना’मध्ये ई फ्लॅट मेजर कशी? पट्टी बी फ्लॅट धरायची का?

उत्तर : नाही, पट्टी एफच. एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट या तिन्ही बी फ्लॅट मेजरमध्येही बसतात हे खरं. पण पट्टी कॉर्डच्या यादीवरून नाही, चाल कुठे विसावते त्यावरून ठरते. बी फ्लॅटवर थांबून बघा, अधांतरी वाटेल. एफवर मात्र घरी आल्यासारखं.

एफला सा मानलं, तर ई फ्लॅट म्हणजे कोमल नी. रॉकने ब्लूजमधून (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून) कोमल ग आणि कोमल नी उचलले आणि त्यांच्यावरही बिनदिक्कत मेजर कॉर्ड उभ्या केल्या. म्हणून ए पट्टीत ए, सी, डी, ई, जी अशा पाचही मेजर सर्रास भेटतात. तीन मेजरचा नियम चूक नाही, इथे तोकडा पडतो इतकंच.

गिटारवर तिसऱ्या फ्रेटला (पडद्याला) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून डी-सी-जी-डी वाजवा. नेमकी हीच चाल मिळते. सोलोत घोटाळा होतो तो ई फ्लॅटवर. सवयीने शुद्ध नी, म्हणजे ई, लांबवला की तो कॉर्डच्या मूळ स्वराशी अर्ध्या सुराने भांडतो. तिथे ई फ्लॅट घ्या. गाण्यात इतरत्र खरी सी कॉर्ड (कॅपोवरचा सी आकार नव्हे, तो ई फ्लॅट वाजतो) आली की पुन्हा शुद्ध ई.