वाफेवरच्या बरण्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या महिन्यात या सदरात टोमॅटोचा गर काचेच्या बरण्यांत भरून स्टीम कॅनरमध्ये, म्हणजे वाफेच्या भांड्यात, टिकाऊ करण्याविषयी लिहिले होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरेच प्रश्न आले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : स्टीम कॅनर आणि आपले मोदकपात्र यांत फरक तो काय? वाफ ती वाफच. घरात मोठे मोदकपात्र असताना नवे भांडे का घ्यावे? (जुळे सोलापूर)

दिसायला दोन्ही भांडी एकमेकांची भावंडे आहेत, हे मान्य. स्टीम कॅनरमध्ये बुडाशी उथळ भांडे असते, त्यात साधारण दोन लिटर पाणी मावते, त्यावर जाळी, जाळीवर बरण्या आणि त्या सगळ्या बरण्या पोटात घेईल असे उंच घुमटाकार झाकण. खरा फरक झाकणाच्या भोकांच्या जागेत आहे. कॅनरच्या झाकणाला भोके खालच्या कडेजवळ असतात. वाफ हवेपेक्षा हलकी असल्यामुळे ती आधी घुमटात वर साठते आणि आतील हवेला खाली दाबत त्या भोकांतून बाहेर काढते. हवा संपूर्ण गेली की आत उरते ती निव्वळ वाफ, आणि तिचे तापमान उकळत्या पाण्याइतके असते. मोदकपात्रात वाफ झाकणाच्या कडेने चोहीकडून निसटते, हवा किती उरली हे बाहेरून कळत नाही आणि हवा मिसळलेल्या वाफेचे तापमान उकळबिंदूच्या खाली राहते. मोदकाला त्याने काही बिघडत नाही. पाच-सात अंश कमी असले तरी उकड शिजते. बरणीच्या मध्यभागी असलेल्या जंतूंना मात्र ती सूट देता येत नाही.

पैसे खर्च करायचे नसतील तर मोदकपात्रापेक्षा खोल पातेले बरे. तळाशी जाळी ठेवावी, बरण्यांच्या झाकणांवर किमान एक इंच पाणी राहील इतके पाणी घ्यावे आणि ते सतत उकळत ठेवावे. प्रक्रियेचा वेळ दोन्ही पद्धतींत सारखाच असतो. वाफेच्या भांड्याचा फायदा पाण्यात आणि गॅसमध्ये आहे. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे दहा-बारा लिटरऐवजी दोन लिटरवर काम होणे ही लहान गोष्ट नाही.

प्रश्न : वाफ दिसू लागताच घड्याळ लावायचे का? (विजापूर रस्ता)

नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. पहिल्याच खेपेला भोकातून वाफेचा पहिला धागा दिसताच मी वेळ मोजायला घेतली. मग सहज म्हणून भोकात तापमापीचे टोक सरकवले, तर काटा नव्वदच्या आसपास रेंगाळत होता. वाफेचा सरळ, जाड, न तुटणारा झोत पडायला त्यानंतर आणखी सात-आठ मिनिटे लागली. तो झोत भोकापासून २० ते २५ सेंटीमीटर लांब आला पाहिजे आणि घड्याळ तिथून सुरू झाले पाहिजे.

त्यानंतर आच थोडी कमी करावी. मात्र झोत आखडू देऊ नये. मध्येच झाकण उचलून पाहण्याचा मोह आवरावा, कारण उचलले की हवा आत शिरते आणि हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. उलट आच फार मोठी ठेवली तर पाणी वेळेआधीच आटून भांडे कोरडे पडते. याच कारणाने स्टीम कॅनरमध्ये ४५ मिनिटांपेक्षा अधिक वेळाची कृती करू नये. बरण्या आधी गरम पाण्यात ठेवलेल्या असाव्यात आणि त्यांत जाणारा पदार्थ किंवा पाक कढत असावा. गार बरणी वाफेत ठेवली तर वेळेचे गणित तर चुकतेच, शिवाय काच तडकते.

प्रश्न : परदेशी कृतीत टोमॅटोच्या बरणीला ३५ मिनिटे दिली आहेत. आपण ४० का सांगितलीत? लिंबूही हवेच का? आमच्याकडचे टोमॅटो चांगले आंबट असतात. (बार्शी)

मिनिटांचे उत्तर आपल्या पायाखाली आहे. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर, म्हणजे जवळपास १५०० फूट उंचीवर आहे. इथे पाणी १०० अंशांना नव्हे, तर साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते आणि वाफही तितकीच गरम असते. छापील कृतींतील पहिला आकडा १००० फुटांपर्यंतच्या गावांसाठी असतो. १००१ ते ३००० फुटांसाठी टोमॅटोच्या कृतीत पाच मिनिटे वाढवावी लागतात. बार्शीही याच पट्ट्यात येते.

आता बरणीचे माप. त्या कृतींतील लहान बरणी साधारण ४७५ मिलिलिटरची आणि मोठी ९५० मिलिलिटरची असते. ठेचलेल्या टोमॅटोला आपल्या उंचीवर लहान बरणीसाठी ४० आणि मोठीसाठी ५० मिनिटे लागतात. पन्नास मिनिटे वाफेच्या भांड्याच्या मर्यादेबाहेर जातात, म्हणून मोठ्या बरणीतील ठेचलेले टोमॅटो स्टीम कॅनरमध्ये करूच नयेत. त्यासाठी पातेले आहे. आपल्या बाजारात मिळणारी ५०० मिलिलिटरची बरणी या हिशेबात अडचणीची ठरते, कारण दोन मापांच्या मध्ये पडणाऱ्या बरणीला नेहमी मोठ्या मापाचा वेळ द्यावा लागतो. ४०० ते ४५० मिलिलिटरची बरणी घेतली की हा प्रश्न उरत नाही. नुसत्या रसाला वेळ थोडा कमी लागतो : इथे लहान बरणीसाठी ४० आणि मोठीसाठी ४५ मिनिटे.

लिंबाविषयी मात्र तडजोड नाही. पदार्थाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तरच वाफेची किंवा उकळत्या पाण्याची पद्धत सुरक्षित ठरते. टोमॅटो नेमका या रेषेवर बसलेला आहे : वाण, पिकण्याची अवस्था आणि वेलावर राहिलेले दिवस यांनुसार त्याचा सामू कधी ४.३, तर कधी ४.९ पर्यंतही जातो. हा फरक जिभेला ओळखता येत नाही, कारण टोमॅटोतील साखर आंबटपणा झाकते. म्हणून ४५० मिलिलिटरच्या प्रत्येक बरणीत, पातेल्यात नव्हे तर थेट बरणीत, पाव छोटा चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) किंवा बाटलीत मिळणारा लिंबूरस एक मोठा चमचा घालावा. चमचे मापाचेच हवेत. ताजे कागदी लिंबू चवीला कितीही सरस असले तरी त्याची आंबटाई फळागणिक बदलते, आणि इथे आपल्याला खात्रीचा आकडा हवा आहे.

पूर्वी अमेरिकेतील तज्ज्ञही वाफेचे भांडे वापरू नका असेच सांगत असत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी वाफ आणि उकळते पाणी यांची तुलना करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केल्यानंतर, आंबट पदार्थांपुरती आणि वर सांगितलेल्या अटींवर, या भांड्याला मान्यता मिळाली. घरात जुनी पुस्तिका असेल आणि तिच्यात वेगळे लिहिले असेल, तर त्याचे कारण हे आहे.

प्रश्न : मुलगा पुण्यात शिकतो. त्याला कांदा-लसणाची ग्रेव्ही, येसर आमटी आणि जमल्यास मटणाचा रस्सा बरणीबंद करून द्यायचा आहे. वाफेत जास्त वेळ ठेवले तर चालेल का? वाफेत नाही तर कुकरमध्ये? (अक्कलकोट रस्ता)

आईची इच्छा समजते. तरीही उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो, त्यामुळे कांदा, लसूण, डाळी यांच्यावर तो असणारच असे धरून चालावे. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातील सुप्त रूप, उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. एरवी त्यांचा त्रास होत नाही, कारण हवा असलेल्या ठिकाणी किंवा आंबट पदार्थात ते रुजत नाहीत. झाकण घट्ट बसलेल्या, हवा निघून गेलेल्या, आंबट नसलेल्या बरणीत मात्र आपण त्यांना हवी तशी जागा स्वतःच्या हाताने करून देतो. तिथे ते विष तयार करतात. नजर दुहेरी होणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे, घास न गिळता येणे आणि शेवटी श्वसनाचे स्नायू लुळे पडणे अशी त्याची वाटचाल असते. रश्श्याचा वास, रंग किंवा चव बदलेलच असे नाही. वाफेत तास-दोन तास ठेवूनही हा धोका टळत नाही, कारण अडचण वेळेची नसून तापमानाची आहे : या बीजाणूंसाठी ११६ ते १२१ अंश लागतात आणि उघड्या वाफेत ते कधीच मिळत नाहीत.

राहिला कुकर. आपला पाच लिटरचा कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, तर कॅनिंगच्या, म्हणजे बरणीबंद करण्याच्या, कृतीत तापण्याचा आणि निवण्याचा संथ काळही हिशेबात धरलेला असतो. शिवाय दर शिट्टीला आतला दाब खाली येतो. कॅनिंगला दाब सलग आणि मोजता येण्याजोगा हवा. ‘सहा शिट्ट्या’ हे भाताचे माप आहे. त्यासाठीचा प्रेशर कॅनर हे वेगळे, मोठे, दाब दाखवणारे भांडे असते.

ग्रेव्हीत टोमॅटो असला तरी कांदा आणि लसूण तिचा आंबटपणा उतरवतात, आणि फोडणीचे तेल झाकणाच्या कडेला लागून ते नीट बसू देत नाही. तेव्हा साध्या टोमॅटोच्या बरण्या मुलाला द्याव्यात, सोबत येसराचे कोरडे पीठ द्यावे आणि फोडणी त्याने तिथे घालावी. रस्सा न्यायचाच असेल तर फ्रीजरमध्ये गोठवून, बर्फाच्या डब्यातून न्यावा. याच ओघात सांगतो : तेलात बुडवलेली कच्च्या लसणाची ओली चटणी ओट्यावर बाहेर ठेवणे याच कारणाने धोक्याचे आहे, ती फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावी.

प्रश्न : शेंगाची चटणी वाफेवर बरणीबंद करता येईल का?

करू नये, आणि गरजही नाही. ती कोरडेपणावर टिकते. वाफेत तिचे वाटोळे होईल.

प्रश्न : आमची ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची बाग आहे. तडकलेल्या फळांना भाव मिळत नाही. त्यांची जेली करून ठेवता येईल का, आणि विकता येईल का? (सांगोला)

डाळिंब पुरेसे आंबट असल्यामुळे या भांड्यासाठी ते उत्तम फळ आहे. फक्त तडकलेले आणि सडलेले यांत भेद करावा. आत काळे पडलेले किंवा बुरशी धरलेले फळ बाजूला काढून उरलेला भाग ‘चांगला’ म्हणून वापरू नये. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नयेत, बिया भरडल्या की रस कडवट आणि तुरट होतो. कापडात बांधून पिळावेत. डाळिंबात पेक्टिन कमी असते, म्हणून जेली धरण्यासाठी ते वेगळे घालावे लागते, सोबत लिंबूरसही. कढत जेली वर पाव इंच जागा सोडून भरावी आणि आपल्या उंचीवर दहा मिनिटे वाफ द्यावी.

घरापुरते करणे आणि विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आणि नियमाप्रमाणे लेबल लागते. केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याला जवळ आहे. बागेच्या प्रमाणावर प्रक्रिया करायची असेल तर आधी तिथे जाऊन यावे.

प्रश्न : आमरस? (पंढरपूर)

आमरस करता येतो, पण पिकलेला आंबा टोमॅटोसारखाच फसवा आहे. त्याचा सामू ३.४ पासून ४.८ पर्यंत सापडतो. तपासलेल्या एका कृतीत साडेपाच कप रसाला बाटलीतील लिंबूरस चार मोठे चमचे घालतात आणि पाव लिटरपेक्षा किंचित लहान बरण्यांना आपल्या उंचीवर २० मिनिटे वाफ देतात. लिंबाची चव लागते, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना ती खपत नाही त्यांनी रस गोठवावा.

प्रश्न : बरण्या बाहेर काढल्यावर दोन फुटल्या. आणि उन्हाळ्यात त्या ठेवायच्या कुठे? (होटगी रस्ता)

आपल्या पत्रात ‘पंख्याखाली गार करत ठेवल्या’ असे वाक्य आहे. बरण्या फुटण्याचे कारण तिथेच असावे. गॅस बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे, झाकण आपल्या तोंडापासून पलीकडे कलते करून उघडावे आणि बरण्या चार घड्या घातलेल्या सोलापुरी टॉवेलवर, दोन बोटांचे अंतर सोडून, सरळ उभ्या ठेवाव्यात. थंड ओटा किंवा फरशी नको. पंखा बंद ठेवावा, मे महिना असला तरीही, कारण काच वाचवणे हे अर्धेच कारण झाले : सावकाश निवतानाची उष्णताही प्रक्रियेचा भाग धरलेली आहे. ओल्या फडक्याने बरण्या गार करणे तर अजिबात नको. काचेवर पांढरा थर दिसला तर तो आपल्या जड पाण्याचा क्षार समजावा. बुडाच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातले की तो धरत नाही.

साठवणीची जागा ३५ अंशांच्या वर तापणारी नसावी, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याखालचा पोटमाळा आणि गॅसच्या वरचे कपाट ही दोन्ही ठिकाणे बाद समजावीत. जुन्या वाड्यातील मातीच्या धाब्याची खोली असेल तर आपण भाग्यवान. नसेल तर मधल्या खोलीतील पलंगाखाली, अंधारात, तारीख लिहून ठेवाव्यात आणि वर्षाच्या आत संपवाव्यात. हिवाळ्यात भरलेला टोमॅटो होळीपर्यंत निम्मा संपेल अशा बेताने भरावा, असे मी स्वतः करतो.

प्रश्न : जॅमच्या रिकाम्या बाटल्या झाकणासकट वापरल्या तर? आणि झाकण बसले की नाही हे कसे ओळखावे?

बाटलीच्या काचेची हमी नाही, आणि झाकण तर नकोच. त्याच्या आतला मऊ थर एकदा दाबला गेला की पुन्हा नीट धरत नाही. झाकण दरवेळी नवे घ्यावे आणि बोटांच्या टोकांनी जितके आवळेल तितकेच आवळावे, कारण आतील हवेला बाहेर पडायला वाट लागते. निवताना झाकणे एकेक करून ‘टक्क’ वाजतात. तरी १२ ते २४ तासांनी मध्यभागी बोट दाबून पाहावे. झाकण आत ओढलेले आणि स्थिर असेल तर बसले. बोटाखाली वर-खाली होत असेल तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात वापरावी, किंवा २४ तासांच्या आत नवे झाकण लावून सगळी प्रक्रिया पुन्हा, पूर्ण वेळ, करावी.