शनिवारची बस सोड

जूनपासून पणजीत कॉलेजला आहेस, ताळगावात खोली घेतलीयस, वर्गात सगळ्यांशी तोंडओळख आहे, पण सहज फोन लावावा असं एकही माणूस नाही. आणि वर विचारतोस, 'माझ्या स्वभावातच खोट आहे का?' स्वभावाचं राहू दे. तू जाता जाता लिहिलंयस की दर शनिवारी दुपारी सावंतवाडीला घरी जातोस. मला घोडं तिथंच अडलेलं दिसतं. पोरं एकमेकांना खरी कळतात त्या वेळात तू बसमध्ये असतोस.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली याचा अंदाज मांडला होता: ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, जिवलग व्हायला २०० च्या वर. शेजारी बसून ऐकलेली लेक्चरं त्यात फारशी धरू नकोस.

दिवाळी तोंडावर आहे. तुझ्या वाड्यावरची पोरं संध्याकाळी नरकासुराच्या सांगाड्याला गवत बांधत असतील, तिथे जा. भाषण नको, 'कागद चिकटवू का?' एवढंच विचार आणि कामाला लाग. हात गुंतले की विषय शोधावा लागत नाही, नजर कुठे ठेवायची हेही सुचतं. लाजऱ्या माणसाचा अर्धा त्रास हाच असतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, पहाटे नरकासुर जाळेपर्यंत जागायचं. (तो कानठळ्या बसवणारा डीजे मला अजिबात आवडत नाही, पण जागरण सोडू नकोस.) कोंकणी येत नाही म्हणून मागे राहू नकोस. तुझी मालवणी त्यांना कळते. हसतील थोडे, हसू देत.

कॉलेजात एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) प्रोग्राम ऑफिसरना भेट. वर्षाला १२० तासांचं काम असतं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. सर्टिफिकेट मिळेल न मिळेल, पण शिबिरात भांडी घासताना जेवढं बोलणं होतं तेवढं कँटीनमध्ये वर्षभरात होत नाही. नाटकाची आवड असेल तर बॅकस्टेजलाही माणसं कायम कमीच पडतात.

मात्र झोप उडालीय, जेवण जात नाहीये, असं दोनेक आठवडे चाललं असेल तर गोष्ट वेगळी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.

घरी महिन्यातून दोनदा जा. आईला मात्र आधी नीट सांग, नाहीतर दुसऱ्याच शनिवारी ती डबा घेऊन ताळगावात हजर होईल.