ट्यूबलाइटखाली व्हिडिओ काढला की त्यात काळे पट्टे का सरकतात?

शटर स्पीड (प्रत्येक चित्रासाठी सेन्सर किती वेळ उजेड घेतो ते) 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा, बहुतेक वेळा पट्टे तिथेच जातात. कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतो. शटर 1/60 किंवा 1/125 असेल तर काही ओळींच्या वाट्याला उजेड कमी येतो. तोच तुमचा पट्टा. कॅमेऱ्यात पाल-एनटीएससी (50 आणि 60 हर्ट्झच्या विजेला जुळणाऱ्या व्हिडिओ पद्धती) असा पर्याय असेल तर पाल निवडा आणि सेकंदाला 25 फ्रेम्सवर शूट करा. काही कॅमेरे एनटीएससीवरच सेट होऊन आलेले असतात, आणि लग्नाच्या हॉलमध्ये पोचेपर्यंत ते कुणी बघत नाही! मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ सापडलं तर तिथे 50 हर्ट्झ करा.

मात्र डिमरवरचे दिवे, स्टेजमागची एलईडी वॉल आणि रंगीत दिव्यांच्या पट्ट्या यांची लुकलुक वेगळ्याच गतीची असते. तिथे स्क्रीनकडे बघत शटर थोडं थोडं बदलून पट्टे कुठे थांबतात ते शोधावं लागतं. स्लो-मोशन मात्र शक्यतो खिडकीच्या उजेडातच करा.